सदर थंडाईत भांग नाही

महाराष्ट्रात कायद्यानं दारू पिणारा प्रत्येक माणूस प्रकृतीसाठी पितो. हे मी म्हणत नाही, परवाना म्हणतो. १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून हयात आहे. त्याखाली पिण्याचा जो परवाना मिळतो, मग तो एका दिवसाचा असो, वर्षाचा असो की तहहयात, तो आरोग्याचं जतन आणि संवर्धन ह्या कारणासाठी दिलेला असतो. म्हणजे शनिवारी रात्री पनवेलच्या बारमध्ये बसून चकण्याची तिसरी बशी मागवणारा गृहस्थ खिशात परवाना असेल तर औषधोपचार घेत असतो आणि नसेल तर गुन्हा करत असतो. नुसती मजा करणं ही मधली अवस्था कायद्याच्या खिजगणतीतच नाही.

आम्हा मध्यमवर्गीयांना ही तजवीज मनापासून पटते. मजा हा शब्द आम्हाला स्वतःच्या बाबतीत वापरवत नाही. आम्ही माथेरानला हवापालटाला जातो. श्रीखंड खातो ते सणाला नाही म्हणू नये म्हणून. दुपारी दोन तास झोपतो ती वामकुक्षी. कुठलीही नवी गोष्ट समोर आली की मजा किती येते, हे आम्ही विचारत नाही. आम्ही विचारतो, "चालतं ना?" समोरचा "आयुर्वेदिक आहे" म्हणाला की आमचा हात आपोआप पुढे होतो.

आमच्या सोसायटीच्या होळीत भांगेचा विषय निघाला तो ह्याच वळणानं.

सोसायटी करंजाड्यात आहे. सिडकोनं आखलेल्या रस्त्यांच्या कडेला, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर, एकमेकींच्या खिडक्यांत डोकावत ज्या सातमजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली एक. पनवेल स्टेशनाहून शेअर रिक्षानं यावं, आणि डोक्यावरून विमान गेलं की आपण घराजवळ आलो असं समजावं. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालं तेव्हापासून आम्ही स्वतःला विमानतळाशेजारचे म्हणवतो. त्याआधी पनवेलजवळचे म्हणवत होतो, आणि गावच्या नातेवाइकांना मुंबईचे असं सांगत होतो. इमारतीत सातारा आहे, जळगाव आहे, बिकानेर आहे, तळमजल्यावर मूळचं आगरी घर आहे आणि सहाव्या मजल्यावर बनारस आहे. इतकी नावं लक्षात ठेवण्यापेक्षा आम्ही एकमेकांना फ्लॅटच्या नंबरानं ओळखतो. "चारशे दोन वारले" असं कळल्यावर घरी धावत जाऊन बघितलं तर वारले होते ते चारशे दोनच्या भाडेकरूंचे सासरे, इतपत घोटाळे होतात. पण एकंदरीत बरं चालतं.

तर होळीच्या तयारीच्या बैठकीत सहाशे तीन, म्हणजे बनारसचे पंडितजी, उभे राहिले. वीस-बावीस वर्षं पनवेलात काढल्यानं त्यांचं मराठी उत्तम आहे, फक्त लिंगं काशीची आहेत.

"होळी आली आणि भांग नाही आली, तर मग ती कसली होळी, भाऊसाहेब? शंकराची प्रसाद आहे ती."

सभेत शांतता पसरली. ही शांतता विरोधाची नव्हती. आपल्या मनातलं दुसऱ्यानं बोलून दाखवल्यावर, आता पहिला विरोध कोण करतो ते बघू, अशी ती असते. अखेर सगळ्यांनी तीनशे एककडे पाहिलं. तीनशे एक वकील नव्हेत. ते कोर्टात कारकून होते. पण उभा जन्म वकिलांना तारखा देण्यात गेल्यामुळे बिल्डिंग त्यांना वकीलसाहेब म्हणते आणि वकिलांपेक्षा जास्त मानते.

"केंद्राचा कायदा १९८५चा," वकीलसाहेबांनी सुरुवात केली. "त्यात चरस आला, गांजा आला. गांजा म्हणजे काय, तर त्या झाडाचा फुलोरा. पानं आणि बिया फुलोऱ्यासोबत नसतील, तर व्याख्येतून वगळलेल्या आहेत."

"आणि भांग म्हणजे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"पानं."

पंडितजींनी हात जोडले. "म्हणून तर आमच्याकडे सरकारी ठेक्यावर मिळते. बाहेर बोर्ड असतो."

"तुमच्याकडे मिळते. आपल्याकडे राज्याचा १९४९चा कायदा आडवा येतो. त्यात भांग मादक द्रव्य आहे. परवान्याशिवाय करणं, बाळगणं, विकणं, पिणं, सगळं गुन्ह्यात जमा."

"म्हणजे तेच पान काशीत प्रसाद आणि करंजाड्यात गुन्हा?"

"बरोबर."

"आणि रेल्वेत असताना?" खजिनदारांनी विचारलं. खजिनदारांना प्रत्येक गोष्टीची मधली स्टेशनं लागतात.

"त्यासाठी पुढची तारीख घ्यावी लागेल," वकीलसाहेब म्हणाले आणि बसले.

ह्यावर इतर कुठल्याही सभेत विषय संपला असता. पण आमच्या लोकांनी एकदा चव मनात आणली होती. एखादं झाड पानापर्यंत सज्जन आणि फुलाशी आल्यावर गुन्हेगार असू शकतं, तर कायद्याच्या बाजूनं राहूनही डोकं जरा हलवणारी एखादी वनस्पती नक्की असेल, अशी सभेची खात्री पटली. कोणी धोतऱ्याचं नाव काढलं. तो महादेवाला चालतो आणि कुंपणाकडेला फुकट उगवतो. वकीलसाहेबांनी बसल्या जागेवरून सांगितलं की धोतरा बाळगणं गुन्हा नाही, पण तो खाल्लेला माणूस पुढे कोर्टात हजरही राहत नाही. ते विष आहे. त्यानं माणूस भ्रमतो आणि मरतोही. धोतरा एकमतानं बाद झाला.

तेव्हा एकशे चारच्या वहिनींनी तोंड उघडलं. वहिनींचं माहेर दापोलीकडचं. तिथल्या कृषी विद्यापीठानं जायफळाच्या 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या आहेत, आणि वहिनींच्या बोलण्यावरून त्या काढताना विद्यापीठानं माहेरच्यांचा सल्ला घेतला असावा असं वाटतं.

"एवढी चर्चा कशाला? जायफळ घाला. होळीच्या दिवशी पुरणपोळी खाल्ल्यावर आमच्याकडचे पुरुष पाच वाजेपर्यंत उठत नाहीत, ते काय डाळीनं?"

सभा चपापली. वहिनी म्हणत होत्या त्यात तथ्य होतं. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, आणि फार जायफळ पोटात गेलं तर भास होतात, हे वैद्यकाला जुनं ठाऊक आहे. पुर्किन्ये नावाच्या बोहेमियन शास्त्रज्ञानं १८२९मध्ये जायफळं खाऊन स्वतःवरच प्रयोग केला होता. त्याला डोकेदुखी झाली, मळमळलं आणि मग भास झाले. अनुक्रम नीट बघा. भास शेवटी आहेत. जायफळानं धुंद होऊ पाहणारा माणूस आधी ओकतो, मग छातीच्या धडधडीनं घाबरतो, आणि भास होईपर्यंत त्याला ते बघण्याची हौस उरलेली नसते. जायफळ कायदेशीर राहिलं आहे ते कायद्याच्या मेहेरबानीनं नव्हे. आपली राखण ते स्वतःच करतं.

पण वहिनींच्या मुद्द्याला दुसरीच धार होती. आपण असलं काही पहिल्यांदाच घेणार, असं सभेत जो तो म्हणत होता. "आणि पहिल्यांदा, पहिल्यांदा काय लावलंय? गुटीत काय होतं सगळ्यांच्या?"

आता सभेतला प्रत्येक मराठी माणूस आपल्या बालपणात डोकावला. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशिंग, बदाम, खारीक आणि जायफळ, प्रत्येकाचे मोजके वळसे, आईच्या दुधात. बारशाला नाव ठेवण्याआधी आम्हाला जायफळ लागलेलं होतं. ज्या अनुभवासाठी वयाच्या साठाव्या वर्षी आम्ही ठराव मांडत होतो, तो घेऊन आम्ही पाळण्यात पडलो होतो, आणि तेव्हाही ते प्रकृतीसाठीच होतं.

मग पाचशे दोननी खसखशीचा विषय काढला. त्यांचा मुलगा दुबईत असतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बी आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं, पण अमिरातीत ते नेणं गुन्हा आहे. दिवाळीला लेकाकडे जाताना पाचशे दोननी अनारशांना खसखशीऐवजी तीळ लावले होते. सुनेनं खाऊन विचारलं, "आई, हे कसले वडे?" ह्यावरून पुढे दोघींचं काय झालं ते पाचशे दोन सांगत होत्या, पण सेक्रेटरींनी वेळेअभावी तो भाग इतिवृत्तात घेतला नाही. ठराव झाला तो असा: थंडाई करावी, तिच्यात बडीशेप, मिरी, बदाम, मगज, खसखस, वेलची, गुलाबपाकळी आणि अल्प प्रमाणात जायफळ असावं, भांग नसावी. पंडितजींनी तांत्रिक मार्गदर्शन करावं. वाटण मी करावं, कारण मी निवृत्त आहे आणि बिल्डिंगमधला एकमेव पाटा-वरवंटा आमच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मागे आहे.

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, धुळवडीनिमित्त सकाळी ११ वाजता थंडाईचे आयोजन केले आहे. सदर थंडाईत भांग नाही याची नोंद घ्यावी. – सेक्रेटरी."

इथे आमच्या फलकाचा लौकिक सांगायला हवा. "लिफ्ट दोन दिवसांत सुरू होईल" ही नोटीस त्याच्यावर पिवळी पडेपर्यंत राहिली होती. "उद्यापासून पाणी दोन्ही वेळ" ही ओळ वाचून त्या दिवशी लोकांनी पिंपं भरून ठेवली, आणि शहाणपणाचं ठरलं. थोडक्यात, फलक जे म्हणतो त्याच्या उलट धरून चाललं की माणूस फसत नाही, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे. त्यामुळे भांग नाही असं लेखी, तारखेसह आणि सेक्रेटरींच्या सहीनं जाहीर झाल्याबरोबर बिल्डिंगमध्ये ती असल्याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही.

"नसती तर लिहिलं कशाला असतं?" चारशे दोन काका मला जिन्यात म्हणाले. "दुधात पाणी नाही, असं गवळी कधी सांगतो?"

"अहो, वाटण मीच करणार आहे."

"हो, हो," असं म्हणून त्यांनी डोळा मारला. काकांनी ह्याआधी कोणाला डोळा मारला असेल असं मला वाटत नाही. त्यांना तो एकटा मिटता आला नाही, दोन्ही मिटले.

वर्गणी संध्याकाळपर्यंत जमा झाली. देखभाल खर्चाचे हप्ते थकवलेल्या दोन सभासदांनीही ती रोख दिली आणि पावती नको म्हणाले. पावती नको म्हणणारा सभासद आमच्या खजिनदारांनी प्रथमच पाहिला. पुरावा मागे राहू नये ही त्यांची दक्षता होती.

धुळवडीच्या सकाळी पंडितजी बाल्कनीत पाटावर बसले आणि मी वरवंटा धरला. रात्रभर भिजवलेले बदाम सोलून झाले होते. आधी मिरी आणि बडीशेप, मग मगज, मग खसखस, प्रत्येक वेळी दुधाचा हबका मारून. खसखस सगळ्यात हट्टी. वरवंट्याखालून निसटून पाट्याच्या कडेला जाऊन बसते. पंडितजी अधूनमधून चिमूट उचलून अंगठ्या-तर्जनीत चोळत आणि मान हलवत. "कणी आहे अजून." त्यांच्या म्हणण्यानुसार बनारसात वाटण झालं कधी समजावं, तर वरवंटा उचलताना त्याला चिकटून पाटाही वर आला पाहिजे. आमचा पाटा आला नाही. माझी कंबर आली. शेवटी जायफळ. ते मी फोडलं तेव्हा आत फिक्या आणि तपकिरी रेषांची नक्षी होती. सहाणेवर दुधात उगाळलं तसा गोड, उग्र, जरासा कापरासारखा वास बाल्कनीभर झाला. शंभरएक ग्लासांना एका जायफळाचा तुकडा पडत होता. तेवढ्यानं मांजराचं पिल्लूही पेंगलं नसतं.

मलमलीतून गाळून ती दुधात मिसळली. आणि बडीशेपेमुळे म्हणा, वरून घातलेल्या पिस्त्यांमुळे म्हणा, पातेल्यातल्या थंडाईला हिरवट झाक आली.

"हं," पहिला ग्लास हातात घेऊन चारशे दोन काका म्हणाले. सगळ्यांनी आपापल्या ग्लासात पाहिलं. एक हुंकार इमारतभर फिरला.

खरी भांग पोटातून लागायला तास-दीड तास घेते. तिचं द्रव्य तेला-तुपात, दुधाच्या सायीत विरघळणारं. ते आतड्यातून यकृतात जातं, तिथे आणखी कडक रूप घेतं, मग डोक्यात पोचतं. पहिल्यांदा पिणारा नवखा अर्ध्या तासात "काही होत नाही" म्हणून दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्ही मिळून त्याला दवाखान्यात पोचवतात. आमची थंडाई त्या मानानं फारच कार्यक्षम निघाली. चारशे दोन काकांना पाचव्या मिनिटाला पाय जमिनीला लागत नसल्याचं जाणवलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांची उंची बेताची आहे, त्यामुळे ह्यात तसं असत्य काही नव्हतं.

मग एकेक जण लागू लागला. खजिनदार वर्गणीची वही छातीशी धरून रडू लागले. इतकी पूर्ण वसुली हयातीत बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आजी आणि माजी अध्यक्ष पार्किंगच्या जागेवरून एरवी एकमेकांशी बोलत नसत. ते एका सतरंजीवर बसून एकमेकांना, "तुमच्यासारखा अध्यक्ष होणे नाही," "छे, तुमच्यासारखा," असं ऐकवत होते. दोनशे तीन एका खांबाला उद्देशून लिफ्टच्या कंत्राटदाराचा उद्धार करत होते. पाचशे दोन थंडाई पिऊन गप्प झाल्या, आणि त्यांच्या यजमानांच्या मते हा दिवसभरातला सर्वांत मोठा चमत्कार होता.

हे दृश्य मी आधी वाचलेलं होतं. थॉमस बाउरी नावाचा इंग्रज दर्यावर्दी व्यापारी १६७०च्या दशकात बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यानं फिरत होता. त्याच्या आठवणी पुढे १९०५मध्ये हॅक्लुइट सोसायटीनं छापल्या. एका दुपारी त्यानं आणि त्याच्या सोबतच्या आठ-दहा जणांनी बाजारातून भांग आणवली, आपली शोभा रस्त्यावर होऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि प्रत्येकानं पेला रिता केला. मग एक जण दुपारभर ढसाढसा रडला. एकानं भीतीनं डोकं मोठ्या मर्तबानात घातलं आणि चार तास बाहेर काढलं नाही. चार-पाच जण गालिच्यावर लोळत एकमेकांची तोंडभर स्तुती करत राहिले, प्रत्येक जण बादशहा. एकानं लाकडी खांबाशी मारामारी करून बोटांची सालं काढून घेतली. खुद्द बाउरी घाम गाळत बसून राहिला. आमच्याकडे रडणारा होता, खांबवाला होता, बादशहा दोन होते. मर्तबानाचीच काय ती उणीव होती, आणि तीही चारशे तीननी भरून काढली. त्यांनी टेरेसवर जाऊन पाण्याच्या टाकीत डोकं घातलं आणि आतून ओरडून सांगितलं की टाकी रिकामी आहे. ह्याला भास म्हणावा की माहिती, ह्यावर खाली मतभेद झाले.

फरक एवढाच की बाउरीच्या मंडळींनी खरी भांग घेतली होती.

पंडितजींचा हात ह्यात होता तो वेगळ्या प्रकारे. ते अनुभवी, म्हणून लोक त्यांच्याभोवती जमले, आणि ते प्रत्येकाला काळजीनं विचारू लागले.

"तोंड कोरडं पडलं?"

मार्चमधलं पनवेल, दुपारचे साडेबारा. तोंड कोरडं पडलं होतं.

"भूक लागली?"

सकाळपासून थंडाईसाठी पोट रिकामं ठेवलं होतं. भूक सडकून लागली होती.

"वेळ थांबल्यासारखी वाटते?"

अध्यक्षांचं प्रास्ताविक सुरू होतं. वेळ थांबली होती.

हॉवर्ड बेकर ह्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९५३मध्ये एका प्रसिद्ध लेखात हेच दाखवलं होतं. नवख्याला नशा नुसती चढत नाही, ती शिकावी लागते. अंगात जे काही होतं त्याला नशा म्हणतात, हे कोणीतरी जाणत्यानं सांगावं लागतं; मग ते ओळखायचं आणि मग ते आवडून घ्यायचं. बेकरच्या मंडळींकडे निदान गांजा होता. आम्ही तो टप्पा वगळून अभ्यासक्रम पूर्ण केला. आणि त्याआधी जवळजवळ चारशे वर्षं, १५६३मध्ये, गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानं भांगेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पोर्तुगीजांनी मुंबई बेट पट्ट्यानं दिलं होतं ते ह्याच ओर्ताला. त्याच्या नोकरांनी त्याच्या नकळत ती घेऊन बघितली होती. त्यांनी मालकाला सांगितलं की कामाचं काही वाटेनासं होतं, मन खूश राहतं आणि खावंखावंसं वाटतं. ह्या तिन्ही लक्षणांत आमची कमिटी बारा महिने असते.

आता माझं. वाटण मी केलेलं. मलमल मी पिळलेली. पातेल्याजवळून मी हललो नव्हतो. तरीही दुसरा ग्लास संपल्यावर वर पाहिलं, तर एक विमान आभाळात चाकं काढून जागच्या जागी उभं होतं. आमच्याकडे आता विमानं इतकी खालून जातात की भास कोणता आणि उड्डाण कोणतं हे करंजाड्यात सांगणं कठीण आहे. पण हे विमान थांबलेलं होतं, ह्याबद्दल मी शपथेवर सांगायला तयार झालो असतो. तेवढ्यात सेक्रेटरींनी माइक हातात घेऊन "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हटलं, आणि मला हसू आवरेना. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं. आजूबाजूचे पन्नास जण हसत होते, म्हणून मी हसत होतो. मी हसत होतो, म्हणून ते आणखी हसत होते. वाटणाऱ्यालाच लागली म्हटल्यावर खात्री करून घ्यायला आलेले शेवटचे दोन संशयीही लागले.

माझ्याच मनात पाल चुकचुकली. पंडितजींच्या खांद्याला सकाळी एक कापडी पिशवी होती. मी त्यांना बाजूला घेतलं.

"खरं सांगा. टाकलीत ना?"

पंडितजींचा चेहरा उतरला. इतका अपमान त्यांचा बनारसपासून पनवेलपर्यंत कोणी केला नसावा.

"टँकरच्या पाण्यात?" ते म्हणाले. "पुसून घ्या हो तोंड. भांगेला काही इज्जत आहे की नाही?"

पिशवीत त्यांचे रंग खेळायचे जुने कपडे होते.

संध्याकाळी बिल्डिंग झोपली. पुरणपोळीवर थंडाई, दोन्हीकडे जायफळ, वर मार्चची दुपार. कायद्याच्या पुस्तकात हात न घालता जेवढं झोपता येतं तेवढी ती झोपली. आणि दुसऱ्या दिवसापासून करंजाड्यातल्या सगळ्या घटनांना कारण मिळालं. दोनशे तीन बाथरूममध्ये घसरले, थंडाई. लिफ्ट पुन्हा बंद पडली, थंडाई. एकशे एकचा मुलगा दहावीच्या भूमितीच्या पेपरात प्रमेय अर्धवट सोडून आला. त्यानं सांगितलं, "बाबा, ती उतरलीच नव्हती." तो त्या सकाळी क्लासला गेला होता आणि थंडाई चाखलीही नव्हती.

ह्यालाही पूर्वपीठिका आहे. भांग-गांजानं हिंदुस्थानात माणसं वेडी होतात काय, ह्याचा छडा लावायला इंग्रज सरकारनं १८९३मध्ये एक आयोग नेमला. हजारावर साक्षीदार तपासून त्यानं सात खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं त्यानं उघडली, तेव्हा वेडाचं कारण म्हणून ठिकठिकाणी गांजा लिहिलेला. खोलात गेल्यावर कळलं की फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता, तो मोकळा ठेवून चालत नव्हतं, आणि रोग्याला आणणाऱ्या पोलिसाला किंवा कारकुनाला दुसरं काही सुचलं नाही की तो गांजा लिहून मोकळा होई. आयोगानं ती आकडेवारी निकालात काढली, आणि बेतानं घेणाऱ्याला भांगेपासून फारसा अपाय होत नाही, बंदी घालू नये, असा निर्वाळा दिला. तो अहवाल आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी वाचलेला नसावा.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. पाणी, लिफ्ट आणि पार्किंग हे विषय दहा मिनिटांत आटोपले. सगळ्यांना होळीच्या हिशेबावर यायचं होतं. खजिनदारांनी खर्च वाचला. दूध, बदाम, खसखस, बडीशेप, पिस्ते, ग्लास, जायफळ एक नग.

"आणि भांग?" चारशे दोन काका उभे राहिले.

"भांग नव्हती."

"मग भांगेचे पैसे कुठे गेले?"

सभागृहात खळबळ माजली. खजिनदारांनी बिलं दाखवली. काकांनी त्यात भांगेचं बिल नाही हे सभेच्या निदर्शनाला आणलं. सेक्रेटरींनी सांगितलं की नोटिशीतच तसं लिहिलं होतं. सभा मनमुराद हसली. वकीलसाहेबांनी पेच समजावून सांगितला: भांग होती असं कमिटीनं मान्य केलं तर १९४९चा कायदा लागतो; नव्हती म्हणावं तर छपन्न सभासदांनी शुद्धीत राहून एकमेकांना ते सगळं म्हटलं, असा अर्थ निघतो. माजी अध्यक्षांनी आजी अध्यक्षांकडे पाहिलं. दोघांनाही सतरंजी आठवली. शुद्धीत ते तसं बोलले होते हे इतिवृत्तात जायला दोघेही तयार नव्हते.

"पुढच्या वर्षीही तीच थंडाई ठेवावी," पाचशे दोनच्या यजमानांनी मागच्या रांगेतून सुचवलं. टाळ्या पडल्या. एवढा बिनविरोध पाठिंबा आमच्या कमिटीला टाकीच्या दुरुस्तीलाही मिळाला नव्हता.

मतदान झालं. 'धुळवडीच्या थंडाईत भांग नव्हती, हे कमिटीचे म्हणणे सभेने प्रचंड बहुमताने फेटाळले,' असं इतिवृत्तात नोंदवण्यात आलं. सूचक माजी अध्यक्ष, अनुमोदक आजी अध्यक्ष. पंडितजींनी एकट्यानं विरुद्ध मत दिलं. त्यांना भांगेच्या अब्रूची काळजी होती. वाटण माझं असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तटस्थ राहिलो. ते विमान मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.